अक्काच्या दारातला खोळंबा

नोकरीतून सुटताना भाऊने मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. यापुढे कुणाचं काहीही सुधारायचं नाही. उभा जन्म त्याने कारखान्यांमध्ये सुधारणा करण्यात घालवला होता. माल कुठे अडतो, कुठल्या यंत्रापुढे ढीग साचतो, कुणाचे हात रिकामे बसतात, हे शोधायचं आणि वाट मोकळी करायची, हा त्याचा धंदा. तो समोर उभा असला की माणसं भराभर हात चालवत आणि त्याची पाठ वळली की शिव्या घालत. दोन्हींचा त्याला सारखाच कंटाळा आला होता. बायको गेल्यापासून तर घरातल्या घड्याळाचा सेल संपला तरी त्याने तो बदलला नव्हता.

पण अक्काने बोलावलं. अक्का म्हणजे थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा स्वतः परकर-पोलक्यातली असताना तिने याला भरवलं, झोपवलं, शाळेत हाताला धरून नेलं. आताही भाऊ रात्री तिच्याकडेच जेवायचा. त्याच्या दिवसात तेवढी एकच जागा उरली होती, जिथे कुणीतरी दार उघडून "आलास?" असं म्हणायचं. तर अशा अक्काला नाही म्हणणार कसं?

अक्काची एक संस्था होती. आजारी, अपंग, म्हाताऱ्या माणसांना लागणाऱ्या वस्तू ती फुकट वापरायला द्यायची. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर, उशाकडून वर होणारे पलंग. गरज संपली की वस्तू परत यायची, दुरुस्त व्हायची आणि दुसऱ्या घरी जायची. एका जुन्या गॅरेजात सगळा कारभार होता. पुढे शटरशी नोंदणीचं टेबल, त्यामागे अक्काची पडदा लावलेली खोली, आणि पाठीमागे गोदाम.

"लोक दारात ताटकळतात रे," अक्का म्हणाली. "वस्तू आहेत, माणसं आहेत, तरी आठवडेच्या आठवडे जातात. इतकी वर्षं कारखान्यांचं भलं केलंस, आता जरा माणसांचं कर. कुठे अडतंय तेवढं शोधून दे."

"आणि सापडलं तर?"

"तर सांग. मी काय खाणार आहे तुला?"

भाऊ कामाला लागला. त्याची पद्धत साधी होती, आणि साध्या पद्धतीने माणसं जेवढी वैतागतात तेवढी कशानेच वैतागत नाहीत. कुठलीही गोष्ट अडलेली दिसली की 'का' विचारायचं. उत्तर आलं की त्यालाही 'का'. असं खणत जायचं, खडक लागेपर्यंत. दोन-चार दिवसांतच गोदामातला मिस्त्री त्याला बघून दुसऱ्या दाराने बाहेर पडायला लागला. नोंदणीच्या टेबलावरच्या बाई, ज्यांना सगळे वहिनी म्हणत, जास्त सभ्य होत्या, त्या फक्त डोकं दुखतंय म्हणायच्या.

एक चाकाची खुर्ची देणगीत आली, तिच्या दांड्याला भाऊने लाल चिंधी बांधली आणि तिच्या मागे मागे राहिला. खुर्ची धुतली गेली. मिस्त्रीने तिचं चाक सरळ केलं, ब्रेक घट्ट केला. त्यात काही फार वेळ गेला नाही. मग ती गोदामात भिंतीशी जाऊन उभी राहिली, ती राहिलीच. तिच्या आजूबाजूला अशाच ठाकठीक खुर्च्या दाटीवाटीने उभ्या होत्या. आणि बाहेर बाकावर खुर्ची मागायला आलेली माणसं बसलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"ही का पडून आहे?" भाऊने मिस्त्रीला गाठलं.

"वरून निरोप नाही आला."

"का नाही आला?"

"घरच्यांची भेट व्हायचीय."

"ती का राहिलीय?"

मिस्त्रीने पाना खाली ठेवला, पडद्याच्या दिशेने एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "भाऊ, खरंच माहीत नव्हतं तुम्हाला? आम्हाला वाटत होतं, माहीत असूनच हिंडताय."

अक्काचा नियम होता. घरच्यांना आत बसवून, त्यांचं सगळं ऐकून घेतल्याशिवाय गोदामातून साधी कुबडीही हलायची नाही. या नियमाला कारण होतं, आणि ते चांगलं होतं. संस्था नवी असताना अक्काने एका घरी खुर्ची पाठवली होती, आणि ती त्यांच्या दारातून आतच जाईना. दार अरुंद. खुर्ची महिनाभर बाहेर पावसात आणि बाई आत गादीवर. अक्काच्या ते जिवाला लागलं. तेव्हापासून ती दाराची रुंदी विचारू लागली. मग जिना विचारू लागली. मग जेवू कोण घालतं, रात्री कोण जागतं, सून बोलते का, मुलगा कुठे असतो, असं करत करत माणसाचं सबंध आयुष्यच विचारायला लागली. पडद्याआड दोन खुर्च्या समोरासमोर, मध्ये पाण्याचा तांब्या. माणसं आत जायची ती डोळे पुसत बाहेर यायची. अक्का म्हणजे देवमाणूस, हे सगळ्यांचं ठरलेलं होतं.

भाऊच्या धंद्यात ढीग जिथे साचतो त्या जागेला गळा म्हणत. बाटली कितीही मोठी असो, पाणी गळ्याच्या मापानेच बाहेर येतं. इथला गळा त्याची बहीण होती.

हे कळल्यावर खरं म्हणजे त्याने त्याच रात्री जेवताना सांगायला हवं होतं. त्याऐवजी त्याने गोदामात फळ्या ठोकून घेतल्या. कुबड्या उंचीप्रमाणे लावल्या. दुरुस्त झालेल्या वस्तूला हिरवी पट्टी, बिघडलेल्या वस्तूला पिवळी, असं केलं. वहिनींचं टेबल भिंतीजवळून खिडकीशी हलवलं, म्हणजे त्यांना उठबस कमी. जखम सोडून आजूबाजूला मलम लावण्याचा हा उद्योग त्याने महिनाभर केला. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं आणि बाकावरची गर्दी तसूभर हलली नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची तर होती, पण हे मांजर रोज त्याला गरम गरम वाढत होतं.

एका दुपारी एक माणूस आला. पिशवी हातात, चपला दाराबाहेर काढून, जणू कुणाच्या घरीच आलाय. आईसाठी खुर्ची मागून गेला होता. त्याची भेटीची पाळी दोन दिवसांनी होती.

"ते रद्द करायचं होतं," तो वहिनींना म्हणाला. "आई परवा गेली. आमच्यामुळे दुसऱ्या कुणाचं अडायला नको म्हणून सांगायला आलो."

भाऊ मागे उभा होता. त्याला ती खुर्ची ठाऊक होती. हिरवी पट्टी लावलेली, वहिनींनी त्या बाईंच्या मापाने बाजूला काढून ठेवलेली, पडद्यापासून पंधरा पावलांवर उभी असलेली.

"फार काही नव्हतं हो तिचं," तो माणूस पुढे म्हणाला. "एकदा गच्चीत न्या म्हणायची. उचलून न्यायला माझी पाठ अशी. म्हटलं, खुर्ची आली की नेऊ."

अक्काने आतून ऐकलं. ती पडदा सारून बाहेर आली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत घेऊन गेली. मग आतून त्याचं रडणं ऐकू आलं, अक्काचा समजावणीचा आवाज ऐकू आला. वेळ जात राहिला. बाकावर एक बाई मांडीवरचं पोर या मांडीवरून त्या मांडीवर घेत होती. एक म्हातारा भिंतीला डोकं टेकून झोपी गेला. भेटीला थांबलेल्या त्या सगळ्यांकडे भाऊ पाहत राहिला. त्याला अक्काचा राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली, आणि या दोन्हींपेक्षा जास्त थकवा वाटला.

संध्याकाळी सगळे गेल्यावर तो आत गेला आणि तांब्यासमोरच्या, लोकांच्या खुर्चीत बसला.

"अक्का, तू विचारलं होतंस ना, कुठे अडतंय म्हणून?"

"सापडलं?"

"कधीच सापडलं. इथे अडतंय. या खोलीत."

अक्काला आधी समजलं नाही. तिने खोलीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"म्हणजे माझ्यामुळे."

"तुझ्या भेटीमुळे. दाराचं माप, जिना आणि माणसाचं वजन, एवढं कळलं की खुर्ची देता येते. ते वहिनी उभ्या उभ्या विचारू शकतात. बाकीचं तू ऐकतेस, ते चांगलंच आहे. पण तू एकाचं ऐकत असतेस तेव्हा बाहेर दहाजण अडलेले असतात. आज तो आला होता, त्याच्या आईची खुर्ची तयार होती अक्का. वरातीमागून घोडं न्यायची वेळ येते आपल्यावर, आणि घोडं तर दारातच बांधलेलं असतं."

घोड्याचं बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"मी त्याचं सांत्वन करत होते," अक्का म्हणाली.

"हो."

"आणि तू बाहेर उभं राहून हिशेब करत होतास."

"हो."

अक्का उठली. कमरेची किल्ल्यांची जुडी काढून तिने टेबलावर ठेवली. आदळली नाही, ठेवली. "मी नसले की सुटतं ना? घे, सोडव." आणि पर्स घेऊन निघून गेली. त्या रात्री भाऊ तिच्या दारापर्यंत गेला आणि बेल न वाजवता परत आला. घरी त्याने पाव खाल्ला, उभ्यानेच.

दुसऱ्या दिवशी वहिनी त्याच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, ते असं बोलल्या की आदला दिवस बरा होता असं वाटावं. "ज्या ताटात खाल्लंत त्यातच भोक पाडलंत," एवढं म्हणून त्यांनी फोन उचलला. पण काम थांबवून चालणार नव्हतं, बाकावर माणसं होती. भाऊने पडदा काढला. वहिनींनी तीन प्रश्न विचारायचे, मिस्त्रीने वस्तू आणून द्यायची, वापरायची कशी ते दाखवायचं, आणि माणूस मोकळा. पहिल्या आठवड्यात गोदाम हलायला लागलं. लाल चिंधीवाली खुर्ची गेली. नंतर नंतर तर बाकावर बसायलाही कुणाला फारसं लागेना. एरवी असं काही जमलं की कारखान्यात फोटो काढायचे, पेढे वाटायचे. भाऊने एका संध्याकाळी रिकामा बाक ओल्या फडक्याने पुसला आणि घरी गेला.

मिस्त्री एकदा म्हणाला, "चांगलं झालं भाऊ. खरंच चांगलं झालं."

"मग असं तोंड पाडून का सांगतोस?"

"चांगलं झालं म्हणून काय नाचू?"

अक्काचा फोन नाही, निरोप नाही. भाऊने दोनदा फोन केला, ती "बरी आहे" म्हणाली आणि ठेवून दिला. आपण खरं बोललो याबद्दल त्याला शंका नव्हती. पण खरं बोलून माणूस एकटा जेवतो, हेही तितकंच खरं होतं. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला बहिणीची एवढी आठवण येते, हे कुणाला सांगायचीही सोय नाही. तो सकाळी लवकर यायचा आणि उशिरा जायचा.

एका सकाळी बाकावर तीन-चारजण होते. टेबलाशी एक बाई उभी होती, सासऱ्यांसाठी पलंग न्यायला आलेली. वहिनींनी तिला तीन प्रश्न विचारले आणि मिस्त्रीला हाक मारली.

"झालं?" बाई म्हणाली. "आत नाही जायचं?"

"नाही. आता लागत नाही."

"बरं झालं बाई." तिने मोठा श्वास सोडला आणि हसली. "नणंदेने सांगितलं होतं, आत एक अक्का असतात, त्यांना सगळं सांगावं लागतं. रडू आलं तर काम लवकर होतं म्हणाली. मी काल घरात बसून ठरवत होते, काय काय सांगायचं. सासरे कसे बोलतात ते सांगावं की नको. परक्या माणसापुढे घरातलं काढायचं म्हणजे नको वाटतं हो. पण पलंग हवा असला की काय करणार?"

वहिनी त्या बाईच्या खांद्यावरून मागे, बाकाकडे पाहत होत्या. भाऊनेही पाहिलं. बाकाच्या टोकाला, हातात काठी धरून, आपली पाळी येण्याची वाट पाहत अक्का बसली होती.

ती कधी आली ते कुणाला कळलं नव्हतं. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा एखाद्या धुतलेल्या पाटीसारखा झाला होता.

"अक्का, आत या ना, बाकावर काय बसलात!" वहिनी धडपडत उठल्या.

"माझ्या पुढे हे दोघे आहेत," अक्का म्हणाली. "त्यांचं होऊ दे."

त्या दोघांचं झालं. अक्का काठी टेकत, दर पावलाला ओठ आवळत टेबलाशी आली. भाऊ पुढे झाला, तिने हाताने त्याला थांबवलं.

"वॉकर पाहिजे," ती वहिनींना म्हणाली. "विचार तुझे प्रश्न."

"तुम्हाला काय विचारायचं अक्का? तुमच्या दारातून मी कितीदा आत आले आहे."

"सगळ्यांना विचारतेस ना? मग विचार."

वहिनींनी रडवेल्या आवाजात वजन विचारलं, दार विचारलं, पायऱ्या विचारल्या. अक्काने नीट उत्तरं दिली. मिस्त्रीने वॉकर आणला, तिच्या उंचीला लावून दिला, पाय आधी की वॉकर आधी ते दाखवलं. स्वतः अक्कानेच हे त्याला कधीतरी शिकवलं होतं, पण ती मुकाट्याने मान हलवत राहिली. मग तिने चार पावलं टाकून पाहिली. झालं. एवढ्या वेळात पूर्वी तांब्यात पाणीसुद्धा भरून झालं नसतं.

"लवकर होतं," ती भाऊला म्हणाली. किती दिवसांनी तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं होतं. "हे तुझं बरोबर होतं."

"अक्का, ती बाई..."

"ती बाई खरं बोलली. मला वाटायचं, लोक माझ्यापाशी मन मोकळं करतात. ते भाडं भरत होते रे. खुर्चीचं भाडं. आणि मी एवढी वर्षं ते वसूल करत बसले, वर देवमाणूस म्हणवून घेत."

भाऊला हेच तर तिला दाखवायचं होतं, निदान याच्या जवळपासचं काहीतरी. आता तिने पाहिल्यावर त्याला वाटलं, हिने हे कधीच पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती आणि अक्काला खोटं चालायचंही नाही.

"काहीजण भाडं भरत असतील," तो म्हणाला. "काहीजण खरंच सांगत असतील. त्या दिवशी तो आईवाला आला, त्याला कुठली खुर्ची हवी होती? तरी बसला तुझ्यापाशी. कोण कशासाठी सांगतं ते मला मोजता आलं नाही अक्का. मी फक्त बाहेरची माणसं मोजली."

अक्काने वॉकर दाराच्या दिशेने वळवला. भाऊ तिच्या पायांकडे पाहत होता. उजवा गुडघा सुजून दुप्पट झाला होता. तो महिनोन् महिने हिच्या घरी जेवत होता. ती उठून वाढायची आणि हा बसून खायचा. हिला एवढं दुखतंय हे त्याला माहीत नव्हतं, आणि आत्ताही टेबलावर ते कुणी विचारलं नाही, कारण त्याने आखून दिलेल्या तीन प्रश्नांत ते नव्हतंच.

"कधीपासून दुखतंय?" त्याने विचारलं. आवाज फुटला, तो त्याने सावरला नाही. "डॉक्टरला दाखवलंस? रात्री झोप लागते? जिना कशी चढतेस तू?"

अक्का थांबली. मागे वळायला तिला वेळ लागला, आधी वॉकर, मग एक पाय, मग दुसरा.

"हे कोण विचारतंय? संस्थेचा माणूस?"

"नाही. मी."

अक्काने दाराकडे पाहिलं. नुकतीच एक मुलगी बापाला हाताला धरून आत आली होती आणि ती दोघं अक्का वाटेतून बाजूला व्हायची वाट बघत उभी होती.

"मग संध्याकाळी घरी जेवायला ये, तिथे सांगते," ती म्हणाली. "इथे खोळंबा करू नकोस."